एनएटएनची नवी आवृत्ती घेताना जुन्या जोडण्यांचे काय करावे

गोव्यातील लहान हॉटेले, होमस्टे, घाऊक वितरक आणि हिशेब पाहणारी कार्यालये यांत ऑटोमेशन शिरले ते बहुधा एखाद्या हौशी भाच्याच्या किंवा अर्धवेळ येणाऱ्या तंत्रज्ञाच्या हातून. बुकिंगचे पैसे जमा झाले की पाहुण्याला व्हॉट्सॲपवर पावती जावी, गूगल शीटमध्ये नोंद व्हावी आणि खोल्या लावणाऱ्या माणसाला निरोप मिळावा, एवढ्यासाठी उभी केलेली ही यंत्रणा पुढे कोणी उघडूनही पाहत नाही, कारण ती बिनबोभाट चालू असते. अशा कामांसाठी बरेच जण एनएटएन (n8n) वापरतात. बर्लिनच्या कंपनीचे हे सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येते किंवा शुल्क भरून कंपनीच्या क्लाउडवर घेता येते. त्याची २.० ही आवृत्ती डिसेंबर २०२५ मध्ये आली. गोव्यातील हॉटेलवाल्यांच्या दृष्टीने याहून गैरसोयीचा मुहूर्त शोधूनही सापडला नसता, आणि 'नाताळ-नववर्ष आटोपू दे, मग बघू' असे म्हणत अनेकांनी ती पुढे ढकलली.

ज्यांनी ते काम अजून केलेले नाही, किंवा बटण दाबून केले पण मागचे काही तपासले नाही, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. नवी आवृत्ती बरीच दारे आपण होऊन लावून घेते. परंतु गूगल, पेमेंट गेटवे, व्हॉट्सॲप अशा ठिकाणी तुम्ही पूर्वी जे अधिकार देऊन ठेवले आहेत, त्यांना ती हात लावत नाही. ते अधिकार तपासण्याचे काम माणसालाच करावे लागते, आणि माझ्या मते आवृत्ती बदलण्यापेक्षा तेच अधिक महत्त्वाचे आहे.

आधी आवृत्तीचा आकडा पाहा

मदतीच्या मेनूतील 'अबाउट' उघडले की आवृत्ती दिसते. तेथे १.१२१.० पेक्षा जुना आकडा असेल, तर पुढचे सारे वाचण्याआधी ती बदला. जानेवारी २०२६ मध्ये उघड झालेल्या सीव्हीई-२०२६-२१८५८ (सीव्हीई म्हणजे सुरक्षा-त्रुटींच्या जागतिक यादीतील क्रमांक) या त्रुटीला तीव्रतेच्या मोजपट्टीवर १० पैकी १० गुण मिळाले होते. फाइल स्वीकारणाऱ्या फॉर्मच्या वर्कफ्लोत (एकामागून एक आपोआप घडणाऱ्या कामांच्या साखळीत) आलेली विनंती नेमकी कोणत्या प्रकारची आहे हे नीट पडताळले जात नव्हते, त्यामुळे लॉगिन न केलेला त्रयस्थ माणूस सर्व्हरवरील फायली वाचू शकत होता, आणि त्या फायलींतच साठवलेले पासवर्ड उलगडणारी कूटकिल्ली व वापरकर्त्यांची नोंद असल्याने पुढे मालकाच्या नावाने आत शिरणेही त्याला शक्य होते. पाहुण्यांकडून ओळखपत्राची प्रत मागवणारा फॉर्म हा नेमका याच जातीचा. याची दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये, म्हणजे त्रुटी जगजाहीर होण्यापूर्वीच, १.१२१.० मध्ये आली होती. डिसेंबरात जाहीर झालेली सीव्हीई-२०२५-६८६१३ ही दुसरी त्रुटी लॉगिन असलेल्या वापरकर्त्याच्या हातून घडू शकणारी होती आणि तिला ९.९ गुण होते. त्यानंतरही दुरुस्त्या येत राहिल्या आहेत, म्हणून एखादा ठरावीक आकडा गाठून थांबण्यापेक्षा २ मालिकेतील ताजी स्थिर आवृत्ती घ्यावी. जुन्या १ मालिकेला सुरक्षा-दुरुस्त्या २.० नंतर तीनच महिने मिळतील, असे कंपनीने सुरुवातीलाच सांगून ठेवले होते.

येथे एक गोष्ट लोक विसरतात. जुन्या आवृत्तीवर तुमचा फॉर्म इंटरनेटवर उघडा होता, तर आवृत्ती बदलल्याने पुढची वाट बंद होते. मागे कोणी काही नेले असेल तर ते त्याच्याकडे राहतेच. अशा वेळी त्या सर्व्हरवरील प्रत्येक पासवर्ड, टोकन (पासवर्डाऐवजी चालणारा डिजिटल परवाना) आणि गुप्त किल्ली नव्याने घ्यावी. जानेवारी २०२३ मध्ये सर्कलसीआय या सॉफ्टवेअर तपासून चढवणाऱ्या सेवेतील घुसखोरी उघड झाली, तेव्हा कंपनीने आपल्या सगळ्या ग्राहकांना हेच करायला सांगितले होते.

कूटकिल्ली वेगळी ठेवा

एनएटएन तुमचे सगळे पासवर्ड आणि टोकन डेटाबेसमध्ये कूटबद्ध करून ठेवते आणि ते उलगडण्याची किल्ली डॉट-एनएटएन या लपलेल्या फोल्डरातील कॉन्फिग फाइलमध्ये किंवा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (सर्व्हरच्या सेटिंगमधील नाव दिलेल्या मूल्यात) असते. ही किल्ली हरवली तर डेटाबेसचा बॅकअप हाती असूनही एकही जोडणी चालणार नाही. सगळी पुन्हा उभारावी लागतील. म्हणून डेटाबेसचा बॅकअप आणि किल्ली या दोन्हींच्या प्रती घ्याव्यात, पण एकाच पेनड्राइव्हवर किंवा एकाच ड्राइव्ह फोल्डरात ठेवू नयेत, कारण दोन्ही एकत्र सापडणाऱ्याला मग काहीच करायचे उरत नाही. किल्लीची छापील प्रत बंद लिफाफ्यात घालून मालकाच्या कपाटात ठेवणे हा जुन्या वळणाचा उपाय आहे आणि तो उत्तम चालतो.

बॅकअप खरोखर उघडतो का, हे दुसऱ्या यंत्रावर पाहून घ्यावे. मात्र त्या यंत्राचे इंटरनेट तोडूनच पहिल्यांदा सुरू करावे आणि तेथील सर्व वर्कफ्लो बंद केल्यावरच ते जोडावे. तसे न केल्यास वेळापत्रकावर चालणारे वर्कफ्लो दोन्हीकडून धावतात आणि एकाच पाहुण्याला एकच निरोप दोनदा जातो, किंवा पैशांची आठवण दोनदा जाते, जे अधिक वाईट.

कामासाठी मंगळवार किंवा बुधवारची सकाळ बरी. शुक्रवारी संध्याकाळी, चेक-इनची रीघ लागलेली असताना, कोणतीही आवृत्ती बदलू नये.

२.० आल्यावर काय काय अडेल

१ मालिकेच्या शेवटच्या आवृत्त्यांत व्यवस्थापकाच्या सेटिंग्जमध्ये 'मायग्रेशन रिपोर्ट' मिळतो. तुमचा कोणता वर्कफ्लो नव्या आवृत्तीत अडखळेल हे तो नावानिशी सांगतो. तो आधी वाचावा आणि मगच पुढे जावे.

ज्यांनी मागच्या खोलीतील एका जुन्या संगणकावर एनएटएन चालवले आहे, त्यांना पहिला धक्का टनेलचा बसेल. संगणकाला बाहेरून पोचता यावे म्हणून वापरली जाणारी अंगभूत टनेलची सोय २.० मधून काढून टाकली आहे. त्याऐवजी स्वतःचे डोमेन, पुढे रिव्हर्स प्रॉक्सी (बाहेरच्या विनंत्या आधी स्वीकारून आत पाठवणारा मधला सर्व्हर) आणि वैध प्रमाणपत्र अशी रीतसर मांडणी करावी लागते. खरे सांगायचे तर पावसाळ्यात दिवसाकाठी दोनदा वीज जाणाऱ्या गावात पैशांची नोंद घेणारी यंत्रणा कार्यालयातील संगणकावर ठेवणेच योग्य नव्हते. भारतातील एखाद्या डेटा सेंटरमध्ये लहानसा सर्व्हर भाड्याने घेण्याचे हे चांगले निमित्त समजावे. माहिती मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी या डेटाबेसांत साठवणाऱ्यांना ती पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये हलवावी लागेल, कारण त्या दोहोंचा आधार संपला आहे.

कोड नोडमधून (नोड म्हणजे वर्कफ्लोतील एक पायरी) सर्व्हरचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वाचणे आता मुळातच बंद असते. तेथून पासवर्ड उचलणारे वर्कफ्लो अडतील, आणि ते अडायलाच हवेत. तो पासवर्ड क्रेडेन्शियलमध्ये, म्हणजे एनएटएनच्या कूटबद्ध जोडणी-नोंदीत, हलवा. सर्व्हरवर थेट आज्ञा चालवणारा 'एक्झिक्युट कमांड' नोडही बंद असतो. सेटिंग बदलून तो पुन्हा चालू करता येतो, पण करू नये. रात्रीचा बॅकअप घेण्यासाठी तो वापरत असाल तर ते काम लिनक्सच्या क्रॉन या वेळापत्रकाच्या सोयीकडे सोपवा. फायली वाचण्या-लिहिण्याची मुभाही आता एकाच ठरावीक फोल्डरापुरती आहे, म्हणून बिलांच्या पीडीएफ भलत्या जागी साठवणाऱ्यांनी मार्ग बदलून घ्यावा. गूगलसारखी जोडणी नव्याने करताना परतीच्या पत्त्यावर आता लॉगिन लागते; ज्या ब्राउझरमध्ये एनएटएनमध्ये शिरला आहात, त्यातूनच परवानगी द्या, म्हणजे अडचण येणार नाही.

मला सर्वांत आवडलेला बदल दिसायला लहान आहे. पूर्वी चालू वर्कफ्लोत काही बदलून ते जतन केले की बदल तत्काळ लागू होत असे, आणि अर्धवट बदल भर दुपारी पाहुण्यांपर्यंत पोचत असे. आता जतन करणे आणि 'पब्लिश' करणे या दोन वेगळ्या कृती आहेत. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी: खोलीचे भाडे बदलले, जतन केले आणि पब्लिश करायचे राहिले, तर जुन्या भाड्याचाच निरोप जात राहील.

स्वतःच्या सर्व्हरवर आणखी एक सेटिंग तपासा. एनएटएनची मूळ वेळ न्यूयॉर्कची असते. ती 'एशिया/कोलकाता' केलेली नसेल, तर सकाळी ९ चा निरोप आपल्याकडे थंडीच्या दिवसांत संध्याकाळी साडेसातला आणि एरवी साडेसहाला जातो.

जोडण्यांची वही

आता मुख्य काम. एका कोऱ्या शीटवर प्रत्येक क्रेडेन्शियलची एक ओळ करा आणि तिच्यापुढे लिहा की ते कोणाच्या खात्यावर आहे, त्याला काय काय करण्याची मुभा आहे, कोणते वर्कफ्लो ते वापरतात, आणि उद्या ते रद्द करायचे झाले तर कोण करू शकेल. शेवटच्या रकान्यात बहुतेकांचे पाय अडकतात. जोडणी ज्याच्या जीमेलवर आहे तो मुलगा आता बोटीवर नोकरीला गेलेला असतो, आणि हॉटेलची सगळी शीट त्याच्या व्यक्तिगत खात्याच्या भरवशावर चालत असते.

असे का टाळावे, हे ऑगस्ट २०२५ मध्ये जगभर दिसले. सेल्सलॉफ्टच्या ड्रिफ्ट या चॅट-सेवेकडे असलेली ओऑथ टोकन (ओऑथ म्हणजे पासवर्ड न देता दुसऱ्या सेवेला परवानगी देण्याची पद्धत) चोरीला गेली आणि ती वापरून चोरांनी अनेक कंपन्यांची सेल्सफोर्स या ग्राहक-नोंदींच्या सेवेतील माहिती नेली. बाधित संस्थांची संख्या ७०० च्या वर असल्याचे गूगलच्या तपासपथकाने सांगितले. टोकन हाती आले की पासवर्ड लागत नाही आणि ओटीपीही येत नाही. लॉगिनला दुहेरी पडताळणी लावून निर्धास्त झालेल्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. अर्थात एनएटएनच्या प्रत्येक वापरकर्त्याने दुहेरी पडताळणी चालू करावी हे आहेच. ते दोन मिनिटांचे काम आहे.

गूगल शीटसाठी कोणाच्याही व्यक्तिगत खात्याऐवजी सर्व्हिस अकाउंट वापरावे. त्याला स्वतःचा ईमेल पत्ता असतो. ज्या शीटवर काम आहे तेवढेच शीट त्या पत्त्याशी शेअर करायचे. मग त्याची किल्ली चोरीला गेली तरी चोराच्या हाती एक शीट लागते, मालकाची सारी ड्राइव्ह लागत नाही. साध्या जीमेल खात्यासाठी मात्र ओऑथच वापरावे लागते आणि तेथे दोन खाचखळगे आहेत. गूगल क्लाउडमध्ये तुमचे ॲप 'टेस्टिंग' स्थितीत सोडले असेल, तर त्याची परवानगी ७ दिवसांनी संपते. दर आठवड्याला जोडणी तुटते अशी तक्रार करणाऱ्यांचे दुखणे बहुधा हेच असते. दुसरे असे की, त्या खात्याचा पासवर्ड बदलला की जीमेलच्या परवानग्या रद्द होतात, म्हणून पासवर्ड बदलायचा दिवस आणि जोडणी नव्याने करायचा दिवस एकच ठेवावा.

बाहेरच्या लोकांनी बनवलेले 'कम्युनिटी नोड' तुम्ही घातले असतील तर त्यांची यादी करा. असा नोड एनएटएनच्याच अधिकाराने चालतो आणि त्याला दिलेले क्रेडेन्शियल त्याला उलगडलेल्या रूपात मिळते. गूगल ॲड्सची जोडणी असल्याचे भासवून ओऑथ टोकन पळवणारी अशी पॅकेजेस जानेवारी २०२६ मध्ये सापडली आहेत. जे काम साध्या एचटीटीपी नोडने होते, त्यासाठी अनोळखी नोड घालू नये.

यादी पुरी झाली का हे ताडण्यासाठी स्वतःच्या सर्व्हरवर एनएटएनची ऑडिट ही आज्ञा चालवावी. कोणते क्रेडेन्शियल कोणत्याच वर्कफ्लोत वापरात नाही, कोणते वेबहुक (बाहेरच्या सेवेकडून वर्दी घेणारे पत्ते) पडताळणीविना उघडे आहेत आणि कोणते नोड धोक्याचे आहेत, हे ती दाखवते. वापरात नसलेले क्रेडेन्शियल एनएटएनमधून काढणे पुरेसे नाही. ज्या सेवेने ते दिले, तेथे जाऊन ते रद्द करावे.

पैशांचा वेबहुक

समजा, कळंगुटच्या एका गेस्टहाऊसला रेझरपे या पेमेंट गेटवेवर पैसे मिळतात आणि 'पेमेंट कॅप्चर्ड' झाल्याची वर्दी एनएटएनच्या वेबहुकला येते. या वेबहुकचा पत्ता ज्याला ठाऊक आहे, तो घरबसल्या खोटी वर्दी पाठवू शकतो. पत्ता लांबलचक आहे आणि कोणाला कळणार नाही, यावर विसंबू नये. तो जुन्या स्क्रीनशॉटमध्ये, ईमेलमध्ये, तंत्रज्ञाच्या संगणकावर कोठे ना कोठे असतोच.

रेझरपेच्या डॅशबोर्डवर वेबहुक नोंदवताना एक गुपित शब्द देता येतो. तो देणे रेझरपे सक्तीचे करत नसले, तरी तुम्ही करावे. त्यानंतर प्रत्येक वर्दीसोबत 'एक्स-रेझरपे-सिग्नेचर' हे हेडर (वर्दीला जोडलेली माहितीची ओळ) येते. वर्दीचा मजकूर आणि तुमचे गुपित यांवरून एचमॅक-एसएचए२५६ पद्धतीने काढलेली ती सही असते. एनएटएनमध्ये वेबहुक नोडच्या पर्यायांत 'रॉ बॉडी' चालू करा, पुढे क्रिप्टो नोड लावा, त्यात एचमॅक आणि एसएचए२५६ निवडा, बायनरी फाइलवरून हिशेब करायला सांगा, उत्तर हेक्समध्ये घ्या आणि त्यापुढील इफ नोडमध्ये ते हेडरमधील सहीशी ताडून पाहा. जुळले नाही तर वर्कफ्लो तेथेच संपवा. रॉ बॉडीचा आग्रह अशासाठी की, मजकूर एकदा उलगडून पुन्हा जुळवला की त्यात एखाद्या मोकळ्या जागेचा फरक पडतो आणि खरी सहीसुद्धा खोटी ठरते. मग कंटाळून लोक पडताळणीच काढून टाकतात.

सही जुळल्यावरही दोन गोष्टी उरतात. रेझरपे एकच वर्दी एकाहून अधिक वेळा पाठवू शकते, म्हणून सोबत येणारा इव्हेंट आयडी शीटमध्ये नोंदवावा आणि तोच पुन्हा आला तर काही न करता थांबावे. शिवाय वर्दीला पाच सेकंदांत उत्तर द्यावे लागते; व्हॉट्सॲप संदेश जाईपर्यंत उत्तर रोखून धरू नका, वेबहुकला आधी उत्तर देऊ द्या आणि उरलेले काम मागाहून चालू द्या. रक्कम रुपयांत नव्हे, पैशांत येते हेही विसरू नये. ३,५०० रुपयांचे भाडे ३५०००० असे दिसेल, आणि १०० ने न भागता ते पावतीत गेले तर पाहुण्याचा फोन येणारच.

व्हॉट्सॲपच्या बाजूला चाचणीसाठी मिळालेले तात्पुरते टोकन ठेवू नका. मेटाच्या बिझनेस सेटिंग्जमध्ये सिस्टीम युजर तयार करून त्याचे टोकन घ्या आणि त्याला फक्त संदेश पाठवण्यापुरता अधिकार द्या. १ जुलै २०२५ पासून शुल्क संभाषणावर न लागता संदेशागणिक लागते, त्यामुळे चोरीला गेलेल्या टोकनाचा फटका आता थेट बिलावर दिसतो.

किती नोंदी ठेवाव्या, किती पुसाव्या

सर्ट-इन या केंद्राच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात; सुरक्षेत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. इकडे स्वतःच्या सर्व्हरवरील एनएटएन प्रत्येक वर्कफ्लोची धाव मुळात १४ दिवसच साठवते.

हे १४ दिवस वाढवून १८० करणे हा सोपा पण चुकीचा उपाय आहे. धावेच्या नोंदीत पाहुण्याचे नाव, फोन आणि पासपोर्टचे छायाचित्रही जसेच्या तसे असते. ते सहा महिने साठवणे म्हणजे चोरण्याजोगे घबाड आपल्या हाताने वाढवणे. त्याऐवजी रिव्हर्स प्रॉक्सीच्या आणि सर्व्हरवरील लॉगिनच्या नोंदी वेगळ्या यंत्रावर दीर्घकाळ ठेवा आणि ओळखपत्रे हाताळणाऱ्या वर्कफ्लोच्या सेटिंग्जमध्ये यशस्वी धावा जतन करणे बंद करा. परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला कळवावी लागते, म्हणून ते कामही ऑटोमेशनला जोडण्याचा मोह होतो. तो आवरावा, त्या सरकारी संकेतस्थळाचा पासवर्ड एनएटएनमध्ये ठेवू नये आणि ती नोंद स्वागतकक्षातील माणसानेच करावी.

शेवटी 'एरर ट्रिगर' लावलेला एक स्वतंत्र वर्कफ्लो तयार करून तो प्रत्येक महत्त्वाच्या वर्कफ्लोच्या सेटिंग्जमध्ये नेमून द्या, म्हणजे काही अडले की लगेच निरोप येईल. हा निरोप ज्या जोडणीवर देखरेख करायची, तिच्याचवरून पाठवू नका; व्हॉट्सॲपचे टोकन संपल्याची खबर व्हॉट्सॲपवर येणार नाही. तो दोघांना जावा, आणि चतुर्थीच्या दिवसांत, जेव्हा तंत्रज्ञ गावच्या घरी असतो आणि मालकही, तेव्हा त्यांपैकी एक जण कामावर असलेला हवा. नवी मांडणी दोनेक आठवडे सुरळीत चालली की जुना सर्व्हर बंद करा, त्याचा स्नॅपशॉट (सर्व्हरची साठवलेली प्रत) पुसा आणि मागच्या खोलीतील संगणक भंगारात देण्यापूर्वी त्याची डिस्क काढून घ्या.